अप्पांची लातूरची पोस्टिंग

आमचे अप्पा कुणाच्याही घरी गेले, की आत पाऊल टाकायच्या आधी दारातल्या चपला लावायचे. स्वतःच्या नव्हे, सगळ्यांच्या. लग्न असो, बारसं असो, नाहीतर मयत असो, अप्पा उंबऱ्याबाहेर उकिडवे बसायचे आणि सगळे जोड एका ओळीत, टाचा भिंतीकडे, अंगठे रस्त्याकडे, असे उभे करायचे. का, तर हल्ला झाला तर माणसाला पळत बाहेर पडून थेट पायात घालता आलं पाहिजे. आमच्या नायगावावर हल्ला कोण कशाला करेल, हा प्रश्न त्यांना पुष्कळांनी विचारला. "ते दुश्मनाला इचारा," असं त्यांचं उत्तर होतं.

याचा परिणाम एकच व्हायचा. कुणालाही आपली चप्पल सापडायची नाही. माणूस चप्पल काढतो तेव्हा मनात खूण ठेवतो, हौदाजवळ, मोटारसायकलच्या चाकाशी, चिंचेच्या बुडाला. अप्पांनी चाकाजवळची चप्पल केव्हाच दुसऱ्या रांगेत भरती केलेली असायची. मग जेवून तृप्त झालेली मंडळी सुपारी चघळत, वाकून वाकून रांगांची पाहणी करत फिरायची, आणि अप्पा बाजूला उभे राहून मोठ्या समाधानानं म्हणायचे, "बघा, कसं एका नजरेत दिसून राहिलं सगळं!"

मागच्या थंडीत अप्पा गेले. त्या दिवशी आमच्या दारात चपलांचा असा ढीग झाला होता की बघत राहावं. लावणारा माणूस आत पांढऱ्या चादरीखाली निवांत पडला होता. सगळ्यांना आपापली चप्पल लगेच सापडली.

मी त्यांची सून. सुनेनं सासऱ्याबद्दल लिहायचं म्हटलं की लोकांना दोनच गोष्टींची सवय आहे, एक तर आरती, नाहीतर पोलिसातली तक्रार. माझ्याकडे दोन्हींचा मालमसाला भरपूर आहे. त्यामुळे जे झालं ते सांगते, काय करायचं ते तुम्ही ठरवा.

लग्न होऊन मी या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीत दात घासत होते, आणि मागून तोफेसारखा आवाज आला, "सूनबाई, रिपोर्ट!"

माझ्या हातातला ब्रश पडला. मला वाटलं, माहेरून काही कागद यायचा राहिला. मी तोंडात फेस घेऊन म्हटलं, "कसला रिपोर्ट?"

"झोप लागली का? डास चावले का? रडलीस का?"

"नाही."

"न्हाई कशाला? एवढ्या लांबून आलीस, थोडं तर रडायला पाहिजे," असं म्हणून अप्पा निघून गेले. रिपोर्ट म्हणजे 'कशी आहेस', एवढंच. पण साध्या शब्दांत विचारलं तर फौजेची पेन्शन बंद होईल अशी त्यांना भीती असावी. भाजीवाल्या बाईला रिपोर्ट, एसटीच्या कंडक्टरला रिपोर्ट, गल्लीतल्या लंगड्या कुत्र्याला रिपोर्ट. त्यात कुत्रा सगळ्यांत मुद्देसूद उत्तर द्यायचा. बाकीचे लोक अप्पांना बघून गल्ली बदलायचे, कारण रिपोर्ट दिला की तो ऐकला जायचा, हीच अडचण होती. आपण सहज म्हणून जातो, 'कंबर दुखून राहिली.' अप्पा दुसऱ्या दिवशी निरगुडीचा पाला घेऊन दारात हजर. तिसऱ्या दिवशी कंबरेची चौकशी. चौथ्या दिवशी त्याच कंबरेबद्दल दुसऱ्या चार कंबरांचा अभिप्राय घेऊन आलेले. शेवटी माणूस अप्पांच्या भीतीनं बरा व्हायचा.

आता फौजी म्हटल्यावर लोकांना लढाई पाहिजे. छाती, मिशा, गोळ्या, आणि शक्य असल्यास एखादी जखमेची खूण. अप्पांकडे मिशा होत्या. बाकी सगळी नोकरी खेचरांच्या तुकडीत गेलेली. जिथं गाडी जात नाही अशा काश्मीरच्या पहाडांवर चौक्यांना रॉकेल, पीठ, बटाटे पोचवायचे, खेचराच्या पाठीवर लादून, खेचराच्या बरोबरीनं चालत. अप्पांनी शत्रू पाहिला होता, पण लांबून, आणि तोही म्हणे बटाटेच सोलत होता.

माझी शाळा नायगावपासून जवळच्याच गावात. नवी नवी नोकरी होती तेव्हा सव्वीस जानेवारीला पाहुणे म्हणून मी मोठ्या तोऱ्यात अप्पांना नेलं. हेडमास्तरांनी ओळख करून देताना 'शूरवीर', 'सरहद्दीचा सिंह', 'ज्यांच्या डोळ्यांत अंगार आहे' असं पुष्कळ काय काय म्हटलं. अंगार उठला, "जय भीम, जय हिंद, बसून घ्या लेकरांनो, ऊन लागून राहिलं," म्हणाला, आणि चमेली नावाच्या एका खेचराला बर्फात खोकला झाला त्याची गोष्ट सांगू लागला. चमेली कशी खोकायची ते करून दाखवलं. तिला गूळ आणि ओवा कसा चारला ते सांगितलं. चमेलीनं स्वतःच्या अंगावरची घोंगडी खाल्ली आणि अप्पांनी आपली तिला दिली, तीही तिनं खाल्ली, इथं मुलं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. हेडमास्तर घड्याळाकडे बघत होते. त्यांना निदान एक गोळी तरी सुटायला हवी होती. शेवटी एका मुलीनं विचारलं, "मग चमेली बरी झाली का?" अप्पा म्हणाले, "हाव! एकदम फिट! माझ्यानंतर रिटायर झाली." त्यानंतर कितीतरी दिवस शाळेतली पोरं वर्गात खोटं खोटं खोकायची आणि गूळ मागायची.

पेन्शनीत निघून अप्पा कायमचे घरी आले तो प्रसंग माझ्या लग्नाआधीचा. सासूबाईंकडून मी तो इतक्यांदा ऐकला आहे, की मी तिथं हजर होते असं मला आता वाटतं. ट्रंक ठेवली, पाणी प्यायले आणि अप्पांनी घराचा ताबा घ्यायला सुरुवात केली. दूध कुठून घेता, रानात कोण जातंय, पोरांची फी कोण भरतंय? सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "सगळं हुतंय बघा. तुम्ही बसा."

तेवढंच. तुम्ही बसा. सासूबाईंनी तीन लेकरं वाढवली होती, घर बांधलं होतं, दोन नणंदांची लग्नं लावली होती. अप्पा वर्षातून एकदा सुट्टीवर येऊन सगळ्यांना मिठाई वाटून जायचे. आता कायमचे आले, तर घरात एकही जागा रिकामी नव्हती. त्यांनी भाजी आणून पाहिली, सासूबाईंनी ती शेजारी देऊन टाकली. म्हशीला हुकूम देऊन पाहिला, म्हशीचं हिंदी कच्चं निघालं. मग ज्याला घरात काम मिळत नाही तो जे करतो ते अप्पांनी केलं. ते गावभर उपयोगी पडू लागले.

सासूबाई गेल्या, तेव्हा अप्पा दिवस होईपर्यंत आलेल्या-गेलेल्यांची विचारपूस करत होते. चहा मिळाला का, जेवलात का, परतीची गाडी कधी हाय. सांत्वनाला आलेली माणसं घरी जाताना म्हणायची, "अप्पांनी फार सांभाळलं आम्हाला."

तर, लातूर.

माझी मुलगी प्राची दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, हा तिचा गुन्हा. त्याची शिक्षा म्हणून सगळ्यांनी मिळून तिला डॉक्टर करायचं ठरवलं. तिला विचारायचं राहून गेलं. एवढ्या गडबडीत कुणाकुणाला विचारणार? आणि डॉक्टर व्हायचं म्हणजे लातूर. आमच्या भागात मूल हुशार निघालं की त्याला लातूरला नेऊन ठेवतात. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचं नाव 'नीट' आहे, आणि ते ठेवणाऱ्याला मराठी येत नसावं, नाहीतर एवढी थट्टा त्यानं केली नसती.

प्रश्न होता तिथं तिच्यासोबत राहायचं कोणी. माझी शाळा. माझ्या नवऱ्याची, प्रकाशची, बिलोलीला नोकरी, रोजचं जाणं-येणं. हॉस्टेलवर ठेवायला जीव धजत नव्हता. आम्ही दोघं चर्चा करत होतो तर ओसरीतून आवाज आला, "मी जातो. पोस्टिंग समजा."

"अप्पा, तिथं स्वैपाक करावा लागतो," मी म्हटलं.

"मग काय झालं? शिकतो."

"तुम्ही आयुष्यात चहा तरी केलाय का?"

"चमेलीला काढा कोण करत हुतं?"

प्रकाश हसला नाही. तो अप्पांच्या कुठल्याच गोष्टीला हसत नसे. बाप-लेकांचं बोलणं म्हणजे 'लाईट आली', 'लाईट गेली' एवढंच. सगळ्या तालुक्याशी तास न् तास बोलणारा माणूस पोटच्या मुलासमोर दोन वाक्यांत संपायचा. प्रकाश एवढंच म्हणाला, "जाऊ द्या त्यांना. इथं तरी काय करून राहिले?"

अप्पा गेले. क्लासच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, पुढं वीतभर गच्ची. खाली घरमालकीण, बिराजदार काकू. त्या गल्लीत प्रत्येक खोलीत एक मूल आणि एक आई. नवरा, सासू, शेत, म्हैस सगळं मागं टाकून आलेल्या आया. पोरं क्लासला गेली की दुपारी जिन्याच्या पायऱ्यांवर बसून त्या मेथी निवडायच्या आणि एकमेकींच्या मुलांच्या मार्कांचा अंदाज घ्यायच्या. त्यांच्यात मिशावाले अप्पा एक. पहिल्या आठवड्यात बायका पदर सावरून गप्प बसल्या. दुसऱ्या आठवड्यात अप्पा मेथी निवडायला लागले. महिन्याभरात कुणाच्या नवऱ्याचा फोन आला तर बाई म्हणायची, "थांबा, अप्पांना देते."

स्वैपाक मात्र मी फोनवरून शिकवला. व्हिडिओ कॉल लावून अप्पा फोन कुकरला टेकवून ठेवायचे. मला फक्त छत आणि त्यांची एक नाकपुडी दिसायची.

"सूनबाई, वरणात पाणी किती?"

"डाळीच्या वर दोन बोटं."

"कुणाची बोटं? माझी का तुझी?"

प्राचीनं त्या दिवसांत काय काय खाल्लं ते ती सांगत नाही, मीही विचारत नाही. पण चार-पाच महिन्यांत अप्पांच्या हातची भेंडी शेजारच्या खोल्यांत मागणी असण्याइतकी सुधारली. पहाटे ते सगळ्या जिन्याला हाक मारून उठवायचे. एक-दोन बापांनी फोन करून तक्रार केली, आयांनी ती मिटवली.

लातूरच्या त्या भागात पाट्या फार. घरापेक्षा मोठ्या. त्यावर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, डोळे मिटता मिटता काढल्यासारखे. अप्पा रोज संध्याकाळी फिरायला जाऊन त्या पाट्या वाचायचे. एकदा त्यांनी प्राचीला विचारलं, "हा चष्म्याचा पोरगा तीन क्लासच्या बोर्डावर हाय. जुळे-तिळे हायेत का?" मग एका क्लासच्या पालकसभेत ते गेले. संचालकांनी पडद्यावर आकडे दाखवले, बाण वर जाताना दाखवले, टाळ्या झाल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "पालकांपैकी कुणाला काही शंका?" अप्पा उभे राहिले.

"साहेब, जे पास झाले त्यांचे फोटो लावलेत, झकास. जे न्हाई झाले ते कुठं हायेत आता?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांचा रिपोर्ट. जेवतात का, झोपतात का. कुणी जाऊन बघून आलं का?"

संचालक म्हणाले, चांगला प्रश्न आहे, यावर आपण नंतर बोलू. ते नंतर अजून आलेलं नाही. पण सभा सुटल्यावर कितीतरी आया अप्पांच्या मागं मागं खोलीपर्यंत आल्या, असं बिराजदार काकूंनी मला सांगितलं. त्यांची तक्रार वेगळीच होती: "तेवढ्या सगळ्यांना चहा माझ्याच घरून गेला."

अप्पांचा फोन रोज यायचा. प्राची कशी आहे, मी विचारायची. "एकदम फिट. अभ्यास करून राहिली." टेस्टचे मार्क? "चांगले हायेत." किती? "मला ते आकडे कळत न्हाईत, पण चांगले हायेत." जगाचे रिपोर्ट घेणाऱ्या माणसानं स्वतः इतका ढोबळ रिपोर्ट द्यावा, याचा मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता. पण आई-बापांना हवा तो रिपोर्ट आला की ते फारसं खोलात जात नाहीत.

प्राचीचे मार्क दर आठवड्याला घसरत होते. आधी हुशार मुलांच्या बॅचमधून मधल्या बॅचमध्ये, मग मधल्यातून शेवटच्या. पुस्तक उघडलं की अक्षरं हलतात, असं ती अप्पांना सांगायची. अप्पा तिला गच्चीवर बसवून डोक्याला तेल लावायचे आणि आम्हाला सांगायचे, एकदम फिट. तिनं त्यांच्याकडून तसं कबूल करून घेतलं होतं.

एके दिवशी सकाळी ती क्लासला गेली आणि दुपारी परत आली नाही. फोन खोलीतच ठेवलेला. क्लासमध्ये विचारलं तर ती सकाळपासून तिथं नव्हतीच. बिराजदार काकू रडायला लागल्या, जिन्यावरच्या आया चारी दिशांना पळाल्या. कुणी तलावाचं नाव काढलं, कुणी रेल्वेच्या रुळांचं. अप्पांनी कुणाचंच ऐकलं नाही. पायात चपला घातल्या आणि सरळ एसटी स्टँडवर गेले.

प्राची तिथंच होती. नांदेडच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर, मांडीवर दप्तर घेऊन. पुढचं तिनंच मला सांगितलं. अप्पा आले, धापा टाकत होते, तिच्या शेजारी बसले. रिपोर्ट मागितला नाही. बराच वेळ येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत राहिले. मग म्हणाले, "नांदेडची गाडी किती वाजता?"

"आत्ताच गेली."

"त्याच्या आधी?"

"ती पण गेली."

"मग बसली न्हाईस?"

तेव्हा ती रडली. म्हणाली, "घरी जाऊन काय सांगू, अप्पा?"

"सांगायचं काम माझ्याकडं. तू फक्त गाडीत बस."

दिवेलागणीनंतर मी भाकरी टाकत होते तर दारात दोघं उभी. प्राचीच्या हातात दप्तर, अप्पांच्या हातात प्रेशर कुकर. मध्ये खोलीवर जाऊन, बाकी सगळा संसार तसाच टाकून, अप्पांनी तेवढीच एक वस्तू उचलली होती. कुकर का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मी पोरीला पोटाशी धरलं. प्रकाश आतून आला, सगळं ऐकलं, आणि त्याचा तोल गेला. पोरीवर नाही, अप्पांवर.

"तुम्हाला तिथं ठेवलं कशाला होतं? आम्हाला खोटं सांगून राहिले इतके दिवस! भर कोर्समधून उचलून आणली तिला? सवय लावली तुम्ही तिला लाडाची. मला कुणी तेल लावलं होतं का डोक्याला? मी नाही शिकलो?"

अप्पा कुकर हातात धरूनच उभे होते. मला वाटलं, आता फौजी आवाज लागणार. पण ते इतकं हळू बोलले की मला पोरीला तशीच धरून पुढं यावं लागलं.

"न्हाई लावलं," ते म्हणाले. "म्हणून तर गेलो मी लातूरला."

अप्पा पुढं बोलत राहिले.

"आठवीत उडाला हुतास. निकालाच्या दिवशी घरातून निघून नांदेडच्या स्टँडवर दिवसभर बसलास. चौकशीच्या खिडकीत जाऊन इचारलंस, काश्मीरची गाडी कुठं लागती. त्यो म्हणला, हैदराबादपर्यंत जाती, पुढचं मला ठावं न्हाई."

प्रकाशचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यानं मला ही गोष्ट सांगितली नव्हती. तो म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या आईनं. सुट्टीवर आलो तवा. हसत हसत सांगितलं तिनं, मी बी हसलो. तू दारातच उभा हुतास. जिलबी खात." अप्पांनी कुकर खाली ठेवला. "पळून जाणारं लेकरू आधी स्टँडवर जातंय. मला काय, म्हाईतच हुतं."

एवढं म्हणून ते ओसरीत जाऊन बसले. त्या रात्री प्राची पोटभर जेवली आणि माझ्याजवळ झोपली.

पुढं काय झालं, तर पाटीवर लावण्यासारखं काही झालं नाही. प्राची लातूरला परत गेली नाही. सध्या नांदेडला बी.एस्सी.ला आहे, प्राणिशास्त्र घेऊन. नातेवाइकांत तिचं नाव निघालं की लोक मयताला आल्यासारखा चेहरा करतात. ती जेवते, झोपते, मैत्रिणींशी भांडते, आणि पुस्तकातली अक्षरं आता जागच्या जागी असतात. लातूरहून बिराजदार काकूंनी राहिलेली भांडी पाठवून दिली, सोबत डबाभर धपाटे आणि जिन्यावरच्या सगळ्या आयांचे निरोप.

बाप-लेकांत एकदम काही बदललं असं म्हणता येणार नाही. लाईट आली, लाईट गेली, हे चालूच राहिलं. पण प्रकाश संध्याकाळी बिलोलीहून आला की कपडे बदलायच्या आधी ओसरीत जरा टेकायला लागला. अप्पा गावाच्या बातम्या सांगायचे, तो ऐकायचा. कधी कधी हसायचासुद्धा. पहिल्यांदा तो हसला तेव्हा अप्पा इतके दचकले की बोलायचंच थांबले.

दोनेक वर्षांनी अप्पा आजारी पडले. छातीत पाणी झालं, पाय सुजले, बाहेर पडणं बंद झालं. तालुका घरी यायला लागला. बोलताना धाप लागायची तरी अप्पा आलेल्याची विचारपूस करायचे, आणि भेटायला आलेली माणसं आपलीच दुखणी सांगून जायची. हात कापायला लागले तेव्हा प्रकाशनं त्यांची दाढी करायची सुरू केली. दर रविवारी सकाळी, अंगणात, उन्हाला पाठ करून. मी तिथंच एका बाजूला शेंगा निवडत बसायची.

अशाच एका रविवारी अप्पांच्या अर्ध्या गालाला साबण होता. प्रकाश वस्तरा फिरवत होता, मिशांना धक्का लागू न देता. अप्पा मध्येच म्हणाले, "परकाश, त्या दिवशी स्टँडवर काय खाल्लं हुतंस?"

कुठला दिवस, असं प्रकाशनं विचारलं नाही. वस्तरा पाण्यात बुडवून झटकला. म्हणाला, "एका बाईनं दशमी दिली होती. शेंगदाण्याची चटणी होती सोबत."

"दोन दिल्या का एक?"

"दोन. पाणी पण दिलं."

"कुठली हुती?"

"काय माहीत. धर्माबादच्या गाडीत बसून गेली."

अप्पांनी डोळे मिटून घेतले. प्रकाशनं त्यांची हनुवटी वर केली आणि गळ्यावरची दाढी काढली. मला वाटलं, त्यांना डुलकी लागली. पण ते विचार करत होते.

"नाव इचारायला पाहिजे हुतंस," ते म्हणाले. "जाऊन भेटून आलो असतो."